चार आण्यांचा लाल भोपळा



धाराशिवात आमच्या घरी पारशी स्वयंपाक होतो, असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'तुम्ही पारशी आहात का?' नाही. आम्ही इथलेच. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि काळ्या मसाल्याचं कोरड्यास यांवर वाढलेली माणसं. मंगळवार आई भवानीचा म्हणून त्या दिवशी घरात अंडंसुद्धा येत नाही. तरीही आमच्या फडताळात धनसाकच्या मसाल्याचा एक डबा गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं आहे. तो कसा आला आणि गेल्या हिवाळ्यात त्या डब्यापायी माझी कशी परीक्षा झाली, ते आज सांगायचं आहे.

१९७४ साली मला डाक-तार खात्यात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली आणि मी पुण्याला गेले. वय वीस. उस्मानाबादेतून, म्हणजे आताच्या धाराशिवातून, एकटी मुलगी पुण्यात नोकरीला जाते याचंच तेव्हा अप्रूप होतं. लष्कर भागात एका पारशी बाईंच्या घरी खोली मिळाली. त्यांना सगळे आंटी म्हणत, मीही म्हणू लागले. यजमान वारलेले, एक मुलगी अकरा वर्षांची. जेवणासह खोली, असा व्यवहार होता.

माझ्या वडिलांनी खोली ठरवताना चाचरत सांगितलं, 'पोरगी मंगळवारी वशाट खात नाही.' आंटी म्हणाल्या, 'आमचा तर सगळा बहमन महिना तसाच जातो.' पारशी कॅलेंडरातल्या बहमन महिन्यात पुष्कळ पारशी घरांत मांस-मच्छी वर्ज्य असते. शिवाय दर महिन्यातले बहमन, मोहोर, गोश आणि राम हे चार रोजही कितीतरी जण पाळतात. वडिलांच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच उतरला. पुढे सात वर्षं दर मंगळवारी माझ्यासाठी मोड आलेल्या वालांची तितोरी, नाहीतर भेंडी, नाहीतर खिचडी असे. एकदाही चुकलं नाही.

मला तिथं परकं वाटलं नाही, याचं कारण स्वयंपाकघर. आमच्या घरी चुलीला फुंकणी चाले, पण देवापुढचा दिवा तोंडाने फुंकला तर माय रागावायची. आंटीच्या घरीही दिवा फुंकून विझवलेला चालत नसे. अग्नीला तोंडाचा वारा लागू नये, हे तर त्यांच्या धर्मातच आहे. सणावारी, वाढदिवसाला उंबऱ्यावर त्या चोक काढायच्या. भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डबीत पांढरी भुकटी भरून ती जमिनीवर आपटली की मासे उमटत. दाराला फुलांचं तोरण. चहात पुदिना आणि गवती चहा. जेवण तयार झालं की आतून हाक यायची, 'जमवा चालो जी!' ती मुलीलाही तशीच आणि खोलीचं भाडं देणाऱ्या मलाही तशीच.

माझ्यासाठी म्हणून वेगळं, पाहुण्याचं असं त्यांनी काही केलं नाही. घरात जे शिजेल त्यातलंच माझ्या ताटात आलं. टोमॅटोवर अंडी, भेंडीवर अंडी, बटाट्याच्या बारीक सळ्यांवर अंडी. पारशी माणसाला कुठल्याही भाजीवर अंडं फोडल्याशिवाय चैन पडत नाही, असं मला पहिल्या महिन्यात वाटलं होतं, आणि अजूनही ते मत बदललेलं नाही.

रविवारी धनसाक. ते शिकायला मला दोन वर्षं लागली. तूर डाळ आणि मसूर डाळ, त्यात लाल भोपळा, वांगं, मेथीची पानं, कांदा, टोमॅटो, असं सगळं एकत्र शिजवून घोटायचं. हाडासकट मटण. आलं-लसूण आणि मसाल्याची फोडणी. आंबट-गोडाला चिंच-गूळ. आंटी वरून थोडा सरकोही घालायच्या. सरको म्हणजे उसाचं व्हिनेगर. नवसारीला कोलाह यांच्याकडे हा सरको लाकडी पिंपांत मुरवतात, १८८५ पासून त्यांचा हा व्यवसाय. आपल्या जिल्ह्यात इतका ऊस, इतके कारखाने, पण उसापासून स्वयंपाकघरात येणारं आंबट काही आपण केलं नाही. असो. सोबत भात असतो तो तांबूस. साखर करपेपर्यंत तापवून त्यात दालचिनी-लवंगेचं पाणी घालतात, तो त्याचा रंग. आणि बाजूला कांद्याची कचुंबर.

मसाला मात्र ऐकून ओळखीचा वाटेल. धने, जिरे, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, मिरी, मेथ्या. आपल्या काळ्या मसाल्यातही यातलं बरंच काही असतं. फरक इतकाच की आपण सुकं खोबरं आणि तीळ घालतो आणि सगळं काळपट होईपर्यंत भाजतो, तर धनसाकच्या मसाल्यात खोबरं नाही आणि भाजणं अगदी हलकं. 'धीमे, धीमे,' आंटी माझ्यामागे उभ्या राहून म्हणायच्या. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढे माझी फजिती इथेच झाली.

पण त्याआधी दुसरी एक फजिती सांगते. १९७९ साली माझ्या धाकट्या भावाचा साखरपुडा उस्मानाबादेत ठरला. पुण्याहून आलेली शिकलेली बहीण म्हणून मी हौसेने जाहीर केलं, रात्रीच्या जेवणाला मी पारशी पदार्थ करणार. सरकोची बाटली एसटीत फुटली, तरी मी धनसाक केलंच. व्याही मंडळी खूश झाली. परत येऊन आंटीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. पारशी घरात कुणी गेलं की तीन दिवस मांस शिजत नाही. चौथ्या दिवशी ते व्रत सोडतात, ते धनसाकने. म्हणून एरवी रविवारी ते आवडीने खातील, पण शुभ कार्याला, सणाला धनसाक कधीही करणार नाहीत. 'अगं, तुझ्या भावाच्या साखरपुड्याला तू चौथ्या दिवसाचं जेवण घातलंस!' म्हणून आधी हळहळल्या आणि मग इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. भावाचा संसार छान झाला, नातवंडं आहेत, तेव्हा दोष लागला नाही म्हणायचा.

त्याच आठवड्यात आंटीने मला शुभ प्रसंगाचं जेवण शिकवलं. धान-दार ने पातियो. पांढरा भात, साधं पिवळं वरण आणि आंबट-गोड-तिखट पातियो. पातियो खरा कोळंबीचा, पण उस्मानाबादेत कोळंबी कुठून आणणार, म्हणून त्यांनी वांग्याचाही शिकवला. सकाळी तुपातल्या गोड शेवया आणि गोड दही. आणि त्या दिवशी म्हणाल्या, 'आता वही काढ आणि लिहून घे. नुसतं कसं करायचं तेच नाही, कधी करायचं नाही तेही लिही.'

ती वही अजून माझ्याजवळ आहे. दोनशे पानी, मराठीत लिहिलेली. १९८१ साली लग्न झालं, बदली मिळाली आणि मी वहीसकट इकडे आले.

आता पाहुण्यांचं. आमचं घर तुळजापूरच्या वाटेवर म्हणायला हरकत नाही, वीस-बावीस किलोमीटरच तर आहे. नवरात्रात आणि कोजागिरीच्या सुमारास घरात माणसांना तोटा नसतो. कोण साताऱ्याकडचे, कोण विजापूरकडचे, कोण नुसतेच ओळखीच्या ओळखीचे. नवरात्रात अर्थातच पुरणावरणाचं. पण एरवी कुणी मुक्कामी आलं की मी वहीतला एखादा पदार्थ करते. सगळ्यांना आवडतो असं नाही. एक चुलत सासरे टोमॅटोवरची अंडी पाहून म्हणाले होते, 'हे कोरड्यास आहे का कोशिंबीर?' आणि चटणी-भाकरी मागून घेतली. पण धनसाक इथं रुजलं. तूर आपल्या शिवारातली, भोपळा परसातला आणि मटण उस्मानाबादी शेळीचं. काळी, काटक, आपल्या कोरडवाहू मुलखात तगणारी ही जात देशभर आपल्या जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाते. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, शेळीचं मात्र उस्मानाबादीच राहिलं. मसूर तेवढी दुकानातून आणायची.

गेल्या जानेवारीत आंटीची मुलगी आली. जी अकरा वर्षांची होती, ती आता साठी ओलांडलेली. १९८५ पासून कॅनडात. आंटी २००९ मध्ये गेल्या, पुण्यातलं घरही गेलं. आमचा फोन, पत्रं कधीमधी चालू होती. यावेळी तिची पंचविशीतली मुलगीही बरोबर होती. म्हणाली, 'ताई, पुण्यात उतरायला आता कुणाचं घर नाही. तुझ्याकडे येऊ का?' मी म्हटलं, 'विचारतेस काय?'

शनिवारी संध्याकाळी आल्या. दुसरा दिवस रविवार, तेव्हा बेत ठरलेलाच होता. सकाळपासून मी खपले. भात तांबूस झाला, कचुंबर झाली. मीही हाक दिली, 'जमवा चालो जी!' ती उंबऱ्यातच थबकली, मला वाटलं, जिंकलं.

पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मग चमचा खाली ठेवून म्हणाली, 'ताई, छान झालंय. पण हे मम्मीचं नाही.'

तिच्या बोलण्यात दुखवण्याचा लवलेश नव्हता, पण मला ते लागलं. रात्री झोप येईना. उठून डबा उघडला आणि मसाल्याचा वास घेतला. त्यात खोबरं होतं. चाळीस वर्षांत कधीतरी, सासूबाईंना बरं लागतं म्हणून, मुलांना झणझणीत हवं म्हणून, मी चिमूट-चिमूट काळा मसाला मिसळत गेले होते. सरको मिळत नाही म्हणून तो कधीच सुटला होता. मटणाच्या रश्श्याला दाटपणा यावा म्हणून दाण्याचं कूटसुद्धा. आणि इतकी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगत होते, 'हे खरं पारशी धनसाक बरं का!'

आपल्या घरचा पदार्थ आपण बदलला तर तो आपला हक्क. माझी येसरची आमटी मायसारखी होत नाही, त्याबद्दल मी कुणाला उत्तर द्यायला बांधील नाही. पण दुसऱ्याच्या घरचं अन्न त्याचं नाव घेऊन पाहुण्यापुढे ठेवायचं, तर ती ठेव आहे. तिच्यात भेसळ करायची तर नाव बदलायला हवं. पारशी लोक गुजरातच्या किनाऱ्याला उतरले तेव्हाची दुधात साखरेची गोष्ट आपण सगळे सांगतो. ती त्यांच्या 'किस्से संजान' या जुन्या फारसी काव्यात नाही, लोकांच्या तोंडीच चालत आलेली आहे. आंटीला ती फारशी आवडत नसे. 'साखर विरघळली की कुठं दिसते?' असं त्या म्हणायच्या. तेव्हा मला तो थट्टेचा शब्द वाटला होता. २००१ च्या जनगणनेत देशात ६९,६०१ पारशी होते, २०११ मध्ये ५७,२६४.

सकाळी मी तिला मसाल्याचं सगळं सांगून टाकलं. ती हसली आणि मग तिने जे सांगितलं ते मी विसरणार नाही. आंटी गेल्या तेव्हा ही तिसऱ्या दिवशी पोचली होती. चौथ्या दिवशी घरी धनसाक व्हायला हवं. घरात जमलेल्यांपैकी कुणालाच ते आंटीसारखं येत नव्हतं. हिलाही नाही. ती आईच्या हाताखाली कधी उभीच राहिली नव्हती. शेवटी बाहेरून आणलं. 'मम्मीच्या चौथ्या दिवसाचं जेवण डब्यातून आलं, ताई,' एवढंच म्हणाली.

कुणी म्हणेल, पुस्तकं आहेत की. आहेत. मेहरबाई जमशेदजी वाडिया यांचं 'विविध वाणी' हे गुजराती पुस्तक तर शंभर वर्षांपूर्वीचं आहे. भिकू माणेकशा यांचं इंग्रजी पुस्तक १९९६ मध्ये आलं. त्यातून धनसाक नक्की जमेल. पण ते पुस्तकातलं होईल, लष्करातल्या त्या एका घरातलं नाही. तिला ते एक घरच हवं होतं.

तिने बॅगेतून आंटीची स्वतःची वही काढली. गुजरातीत लिहिलेली. ती स्वतः अडखळत वाचते, तिच्या मुलीला एक अक्षरही येत नाही. मला गुजराती बऱ्यापैकी वाचता येतं, शिरोरेषा नसलेली देवनागरीच जणू. वाचलं, तर त्यात प्रमाण कुठंच नाही! नुसती नावं. ज्याचा हात बसलेला असतो, तो कशाला मापं लिहील? मग माझी वही काढली. तिच्यात प्रमाण आहे, पण कसं? 'लाल भोपळा, चार आण्यांचा. मेथी, दोन आण्यांची. आलं, चार आण्यांचं. मटण, मोठ्या पातेल्याला पुरेल एवढं.' आंटी जसं बोलल्या तसं मी लिहिलं होतं. १९७९ सालचे चार आणे म्हणजे आज किती ग्रॅम, हे सांगणारं कोण?

आम्ही तिघी ओट्याशी उभ्या राहिलो. नात मोबाइलमध्ये इंग्रजीत लिहून घेत होती आणि दर ओळीला विचारत होती, 'पण किती?' मला आठवत होती ती बाजारातून आणलेली भोपळ्याची फोड. रद्दीच्या कागदात गुंडाळलेली, माझ्या मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंतची. तेवढी कापली आणि वजन केलं. मेथीची जुडी आंटीच्या मुठीत मावायची, आणि आंटीची मूठ लेकीसारखीच, लहान. तिला मूठभर मेथी धरायला लावली, ती तोलली. आल्यावरून वाद झाला. मी म्हणत होते दोन बोटं, ती म्हणत होती मम्मीच्या धनसाकला आल्याचा झटका असायचा, तीन बोटं. तीन घेतलं. मसाला नव्याने भाजला, धीमे धीमे, खोबऱ्याशिवाय. सरको नव्हता. सोलापूरहून येणाऱ्या भाच्याला फोन केला, त्याने साधं व्हिनेगर आणलं. चालवून घेतलं.

दुपारचे दोन वाजले जेवायला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'आंबट अजून हवं.' वरून थोडं व्हिनेगर घातलं. पुन्हा गप्प. आणि मग तिने ताट पुढे केलं, दुसऱ्यांदा वाढायला. हेच मम्मीचं, असं ती म्हणाली नाही, मी विचारलंही नाही. नात मात्र भात सोडून भाकरीबरोबर चापत होती. आंटीला ते मुळीच खपलं नसतं.

मंगळवारी त्या निघाल्या. सकाळी दारात रांगोळी काढली. माशांची डबी नव्हती, हातानेच दोन मासे काढले. शेवया आमच्या इथल्या, उन्हाळ्यात वळून ठेवलेल्या. त्या तुपात परतून साखरेत शिजवल्या, गोड दही लावलं आणि दोघींच्या हातावर वाढलं. शुभ दिवशी काय करायचं ते वहीत होतं, ते बिनचूक केलं. धनसाकच्या मसाल्याचे दोन डबे भरून दिले. एकावर लिहिलं 'आंटीचा'. दुसऱ्यावर, जो इतकी वर्षं माझ्या फडताळात होता, त्यावर 'धाराशिवचा'. दुसराही नातीने मागून घेतला.

आता दर रविवारी कॅनडाहून फोन येतो. आमच्याकडे रात्र, तिकडे सकाळ. वहीचं एकेक पान घेऊन आम्ही आण्यांचे ग्रॅम करतो आहोत. पातियो झाला, तितोरी झाली, कस्टर्ड झालं. सध्या लग्नातल्या गाजराच्या लोणच्याशी अडलं आहे. त्यात लिहिलंय, 'गाजरं, अडीच रुपयांची.' अडीच रुपयांची गाजरं १९८० साली पुण्यात किती यायची, हे श्रोत्यांपैकी कुणाला आठवत असेल, तर मला जरूर कळवा.